आर्टवाल्याचं काम नाही म्हणे!

‘डिजिटल मानव्यविद्या मायनर घ्यायची तर कोडिंग पाहिजे, ते आर्टवाल्याचं काम नाही,’ हे आमच्या वऱ्हाडात कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. साफ चूक. डिजिटल मानव्यविद्या म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास यांचा संगणकाच्या मदतीनं अभ्यास; मायनर म्हणजे मुख्य विषयासोबत घ्यायचा दुय्यम विषय. ही वाट पाडणाऱ्यांत पहिलं नाव एका पाद्र्याचं! इटलीच्या रॉबेर्तो बुसांनी १९४९ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीची मदत मिळवून मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची हाती घेतली.

आता आपलं रिद्धपूर घ्या. महानुभावांच्या कित्येक पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत. पानाचा फोटो कोणीही काढेल. अक्षर लावून देवनागरीत उतरवणं मराठीवाल्याचंच काम. आजीची जात्यावरची ओवी रेकॉर्ड केली, पण गाणारीचं नाव, गाव, साल नोंदवलं नाही, की फाइल हरवल्यातच जमा. (माझ्या फोनमध्ये अशा पडल्या आहेत.) अशा नोंदी करणं हाच या विषयाचा कणा. कोडिंग असलंच तर बेताचं, आणि मुख्य विषय तुमचा इतिहास किंवा मराठीच राहतो.