संगणकाला विरोध कोणी केला होता, आणि कशासाठी?

कामाच्या ठिकाणी आलेल्या एखाद्या ॲपवर, कॅमेऱ्यावर किंवा हजेरीच्या यंत्रावर कोणी शंका काढली, की एक टोमणा ठरलेला असतो: ‘बँकवाल्यांनीही संगणकाला विरोध केला होता. काय झालं शेवटी?’ टोमणा मारणाऱ्याच्या मते वाद तिथेच संपतो. माझ्या मते तो तिथे सुरू व्हायला हवा. विमा आणि बँक कर्मचाऱ्यांनी तीसेक वर्षं जे भांडण केलं, त्यातलं ‘संगणक नको’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्या भांडणातून त्यांनी पदरात काय पाडून घेतलं, हे कोणी सांगत नाही. आज ज्यांच्या हातात ॲप दिलं जातं, त्यांच्याकडे नेमकं तेच नाही.

भारतात धंद्याच्या कामासाठी संगणक आला तो १९६१ साली, मुंबईत, एस्सो या तेलकंपनीकडे. यंत्र आयबीएम १४०१. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या सुमारास टिफ्रॅक हे देशात बांधलेलं यंत्र चालत होतं, पण त्यावर शास्त्रज्ञांची गणितं व्हायची. त्याने कोणाच्या पोटावर पाय येणार नव्हता. आयबीएमच्या यंत्राचं तसं नव्हतं. बिलं, हिशेब, पगारपत्रकं हे त्याचं काम, म्हणजे सरळसरळ कारकुनाचं काम. त्याआधी पाच वर्षं, १ सप्टेंबर १९५६ला, २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं होतं. लाखो पॉलिसी, प्रत्येकीचा हप्ता, पावती, एजंटाचं कमिशन, बोनस. तेच हिशेब पुन्हा पुन्हा. संगणक विकणाऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणं कठीण. मुंबईत यंत्र बसलं. कलकत्त्यात अडलं.

कलकत्त्यात ते इलाको हाउस या इमारतीत बसणार होतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात विमा कर्मचाऱ्यांनी या इमारतीवर पहारा बसवला, पाळ्या लावून, रात्रंदिवस. अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटना त्यामागे होती. ही संघटना मुळात १९५१ साली मुंबईत स्थापन झालेली. आज हे वाचताना हसू येतं, पण त्या वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ, जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन, कारखान्यांत मंदी. शिकलेल्या मुलापुढे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवून वाट पाहण्याखेरीज फारसं काही नव्हतं, आणि विमा-बँकेतली कारकुनी ही मध्यमवर्गीय घराची मोठी आशा होती. ती जागाच नाहीशी करणारं यंत्र परकीय चलन खर्चून आणायचं, हे कोणाला पटणार? शेवटी यंत्र त्या इमारतीत बसलं नाही.

भांडणाला नुसता आवेश नव्हता, कायद्याचा टेकूही होता. औद्योगिक विवाद कायदा १९४७चा. त्याच्या कलम ९-अ प्रमाणे चौथ्या अनुसूचीतल्या सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने कामगारांना आधी नोटीस द्यायची, आणि नोटीस दिल्यापासून २१ दिवस बदल करायचा नाही. त्या अनुसूचीत पगार, कामाचे तास, रजा वगैरे तर आहेतच. शिवाय एक बाब अशी आहे, की यंत्रसामग्रीत किंवा कामाच्या पद्धतीत केलेल्या सुधारणेमुळे कामगार कपात होण्याचा संभव असेल तर तीही आधी कळवायची. म्हणजे नवं यंत्र हा केवळ मालकाचा खासगी निर्णय नाही, हे भारतीय कायद्याला कचेऱ्यांत संगणक येण्याआधीच मान्य होतं. १९६९ साली केंद्र सरकारने यंत्रीकरणाच्या या प्रश्नावर समिती नेमली, तिच्या अध्यक्षपदी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर होते. अहवाल १९७२ साली आला. गरिबीच्या प्रश्नावर काम करणारा अर्थशास्त्रज्ञ संगणकाच्या समितीवर, यातच त्या वेळी हा प्रश्न कसा पाहिला जात होता ते दिसतं.

(१९७८ साली आयबीएम देश सोडून गेली, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. त्यांची कामगार पुढाऱ्याची कारकीर्द मुंबईतली, त्यामुळे हे प्रकरण याच विरोधाच्या खात्यावर टाकलं जातं. तो वाद परकीय चलन नियमन कायद्याखाली परदेशी कंपनीने भागभांडवलातला आपला हिस्सा कमी करण्याचा होता. कारकुनांच्या नोकऱ्यांशी त्याचा संबंध नव्हता.)

बँकांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १९ जुलै १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या शाखा आठ हजारांच्या थोड्या वर होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या जवळ पोचल्या. काम मात्र जुन्याच पद्धतीने. खातेदार चेक घेऊन काउंटरवर यायचा, चेक देऊन पितळी टोकन घ्यायचा आणि बाकावर बसायचा. चेक लेजरच्या टेबलावर. तिथला कारकून ते जाडजूड लेजर उघडून खात्याचं पान काढायचा, शिल्लक बघायचा, रक्कम नावे टाकायचा, नवी शिल्लक लिहून आद्याक्षरी मारायचा. मग अधिकारी नमुना सही ताडून चेक पास करायचा आणि कॅशियर टोकनाचा नंबर पुकारायचा. संध्याकाळी दिवसभराची व्हाउचरं लावून जमा आणि नावे यांचा मेळ. काही पैशांचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही. जून आणि डिसेंबरमधल्या सहामाही क्लोजिंगला तर बँकेतल्या माणसाच्या घरचे त्याला जेवायला धरतच नसत.

या डोंगराखाली दोन्ही बाजू दबल्या होत्या, म्हणूनच समझोता झाला. ८ सप्टेंबर १९८३ला इंडियन बँक्स असोसिएशन (बँक व्यवस्थापनांची संघटना) आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. कोणती यंत्रं, कोणत्या कामासाठी, किती, हे त्यात ठरलं. कर्मचारी कपात होणार नाही हे लिहून घेतलं गेलं. यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता मिळाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली पुढच्या यंत्रीकरणाचा आराखडा मांडला तो या कराराच्या चौकटीत. मग शाखांतून एएलपीएम दिसू लागली, लेजरच्या नोंदी करणारी सुटी यंत्रं. ज्याला ‘विरोध’ म्हणून हिणवलं जातं त्याची ही दुसरी बाजू. यंत्र आलं, पण दोन्ही बाजूंच्या सह्यांचा कागद घेऊन.

संघटनांची वकिली करायची म्हणून त्यांचे दोष झाकण्याचं कारण नाही. करारात खातेदार कुठेच नव्हता. पासबुक भरून घ्यायला हेलपाटे घालणाऱ्या पेन्शनराला एका शाखेत किती यंत्रं हा हिशेब काय करायचा? भत्त्यावरून घासाघीस खूप झाली आणि नव्या पिढीच्या रोजगाराचं काय, हा इलाको हाउसच्या काळातला मोठा प्रश्न हळूहळू मागे पडला. मग १९९२ साली मुंबईत रोखे घोटाळा उघडकीला आला. बँक रिसीटच्या, म्हणजे रोख्यांऐवजी बँका एकमेकींना देत त्या पावत्यांच्या, कागदांवर कोट्यवधी रुपये फिरले, आणि सरकारी रोख्यांच्या नोंदी रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात हाताने ठेवल्या जात होत्या हे साऱ्या देशाला कळलं. त्यानंतर संगणकाविरुद्ध बोलणं अवघड झालं. ऑक्टोबर १९९३मध्ये पुढचा करार झाला. १९९४ पासून नव्या खासगी बँका आल्या त्या संगणक घेऊनच. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून लाखभर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. कपात नाही हा शब्द पाळला गेला असं म्हणता येईल, जागा मात्र गेल्या त्या गेल्याच.

इथवरचा सगळा वाद नोकरीचा होता. यंत्र आपली जागा घेईल, ही भीती. यंत्र आपल्यावर नजर ठेवेल, आपलं बोलणं पकडेल, हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. एएलपीएमला ते जमण्यासारखंही नव्हतं. ही दुसरी भीती नव्या शतकातली, आणि तिचे सुरुवातीचे चटके महाराष्ट्रातच बसले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने कलम ६६-अ घुसवलं होतं. ‘त्रासदायक’ वाटेल असा मजकूर पाठवणं हा त्यात गुन्हा होता. मे २०१२मध्ये मुंबई पोलिसांनी एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुराबद्दल अटक केली. त्याला कर्मचाऱ्यांमधल्या संघटनेच्या भांडणाची किनार होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल लिहिलं म्हणून पालघरच्या एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी पकडलं. या प्रकरणांनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ला न्यायालयाने हे कलम रद्द केलं. २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं.

नागरी हक्कांच्या बाजूने हे दोन मोठे विजय. मात्र मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध बजावता येतात. खासगी मालकाने लॅपटॉपवर स्क्रीन टिपणारं सॉफ्टवेअर टाकलं, तर पुट्टस्वामीचा निकाल खिशात घेऊन हिंजवडीतला इंजिनिअर सरळ कोर्टात जाऊ शकत नाही. आणि सरकार स्वतःच मालक असेल तर?

याचं उत्तर अंगणवाडी सेविकांना विचारावं. महाराष्ट्रात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. सेविकांना नोंदीसाठी सरकारी मोबाइल दिले होते, दोन जीबी रॅमचे. २०२१ साली त्यांवर केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप भरायला सांगितलं. फोन तापायचा, अडकायचा, बिघडला तर दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या माथी, आणि ॲपमध्ये माहिती भरायची इंग्रजीत. मराठी शाळेतून शिकून आलेल्या, पन्नाशी गाठलेल्या बाईने गावातल्या प्रत्येक बाळाचं नाव इंग्रजीत लिहायचं. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मला हे इलाको हाउसपेक्षा शहाणपणाचं आंदोलन वाटतं. नोंदी करायला त्यांची ना नव्हती, रजिस्टरं तर त्या वर्षानुवर्षं भरत आल्या आहेत. चालणारा फोन द्या आणि मराठीत ॲप द्या, एवढंच म्हणणं होतं. पण बँकेतल्या कारकुनासारखं करार करायला बसायचं, तर आधी तुम्ही कर्मचारी आहात हे समोरच्याला मान्य असावं लागतं. सेविका सरकारच्या लेखी ‘मानधनी’. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं ठरवलं, ते सुद्धा गुजरातमधून आलेल्या खटल्यात.

रोजगार हमीचं तसंच. ही कल्पनाच महाराष्ट्राची. १९७७ साली राज्याने तिचा कायदा केला. त्यावर पुढे देशाचा कायदा झाला, आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं वगळता सगळ्या कामांवर मोबाइल ॲपने हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, वेळ आणि ठिकाणासकट. मातीकामाची मजुरी मापावर मिळते, उन्हाच्या आत पहाटे सुरू करून लवकर आटपायचं ही मजुरांची रीत. आता खड्डा खणून झाला तरी दुसऱ्या फोटोची वेळ होईपर्यंत बांधावर थांबायचं, आणि रेंज नसेल तर केलेल्या कामाचा दिवस कागदावर उगवतच नाही. नागपूर महापालिकेने तर सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर गेलात तर नोंद, आणि नोंदीवरून पगाराला कात्री. मुकादमाची नजर चुकवता यायची, त्याच्याशी वाद घालता यायचा. घड्याळाशी काय बोलणार?

यापैकी कुठल्याही यंत्राने अजून कोणाची नोकरी घेतलेली नाही, आणि कायद्याची गोची तिथेच आहे. १९४७च्या कायद्यातली नोटिशीची तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० आणि तिसऱ्या अनुसूचीत आली आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण सुधारित पद्धतीची नोटीस द्यायची ती कपातीचा संभव असेल तरच. नजर ठेवणं ही त्या यादीतली बाब नाही. दुसरीकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात माहिती वापरण्याआधी संमती घ्यावी असा सर्वसाधारण नियम आहे, पण कलम ७ मध्ये संमतीवाचून चालणाऱ्या कामांची यादी दिली आहे. त्यात नोकरीशी संबंधित कामं आहेत आणि मालकाला नुकसानीपासून वाचवणंही आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. घड्याळ बांधलेल्या कामगाराला कामगार कायदा म्हणतो, तुझी नोकरी कुठे गेली आहे. आणि माहितीचा कायदा म्हणतो, नोकरीतली माहिती आहे, तुझ्या संमतीची गरज नाही.