बलाढ्य पण संथ योद्धा (ॲनिमे)

बलाढ्य पण संथ योद्धा हा जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) आणि मांगा (कॉमिक्स) यांमधील, विशेषतः लढाईप्रधान शोनेन (किशोरवयीन मुलांसाठीच्या) मालिकांमधील, रुळलेला पात्रप्रकार आहे. एका फटक्यात लढत संपवणारी ताकद, मार खाऊनही उभे राहण्याची क्षमता आणि त्या मानाने मंद हालचाल ही त्याची लक्षणे. बळी तो कान पिळी हे इथेही खरे, फक्त कान आधी हाताला लागावा लागतो.

या उणिवेचा सर्वांत परिचित दाखला 'ड्रॅगन बॉल झेड'मध्ये आहे. खलनायक सेलशी लढताना नायकांच्या बाजूचा ट्रंक्स स्नायू बेसुमार फुगवतो. ताकद वाढते, पण एकही ठोसा लागत नाही आणि हे त्याला खुद्द सेलच समजावून सांगतो. मालिकेचा नायक गोकूने सरावातच हे रूप अजमावून सोडून दिलेले असते. गंमत म्हणजे पुढे गोकूचा मुलगा गोहान याच्याकडून मार खाल्ल्यावर चिडलेला सेलही तसाच फुगतो आणि तसाच फसतो.

समोरचे लक्ष्य पळू शकत नसेल, तर मात्र संथपणाने काही बिघडत नाही. 'अटॅक ऑन टायटन'मधला ६० मीटर उंचीचा कोलोसल टायटन (टायटन म्हणजे महाकाय राक्षस) माणसांच्या वस्तीभोवतीच्या ५० मीटरच्या तटाबाहेर उभा राहतो आणि एका लाथेत दरवाजा फोडतो. तटाला चुकवायचे कुठून? जवळ येणाऱ्या चपळ सैनिकांसाठी त्याच्याकडे उकळती वाफ असते. ज्यांच्या आधारे ते हवेत झेपावतात, ते दोरांचे आकडे तिच्या झोताने उडून जातात. पण ही वाफ स्वतःचेच मांस जाळून निघते, त्यामुळे तो रोडावत जातो. शिगानशिना या शहराच्या लढाईत आर्मिन नावाचा सैनिक नेमके हेच हेरतो. तो भाजून निघेपर्यंत समोर लटकून राहतो. टायटनचे लक्ष त्याच्यावर खिळते. आर्मिनचा मित्र एरेन हाही टायटनचे रूप घेऊ शकतो. तटापाशी त्याचा टायटन निपचित पडलेला दिसतो, तो रिकामा सांगाडा. खरा एरेन मागून येऊन कोलोसल टायटनच्या मानेत बसून तो चालवणाऱ्या बर्टोल्टला कापून बाहेर काढतो. ॲनिमेत असे योद्धे बहुधा डोक्याने हरवले जातात, कारण त्यांचा संथपणा प्रतिस्पर्ध्याला विचार करायला सवड देतो. लेखकालाही तीच सवड हवी असते.

'नारुतो' या निन्जांच्या मालिकेतील गारा हा थोडा वेगळा नमुना. तो हाताची घडी घालून उभा राहतो, बचाव त्याच्या ताब्यातली वाळू आपोआप करते. त्याचा प्रतिस्पर्धी रॉक ली सरावासाठी पायांना बांधलेली वजने उतरवतो तेव्हा वाळू मागे पडते आणि गारा पहिल्यांदाच सडकून मार खातो. तरीही जिंकतो गाराच. लीने वेगासाठी स्वतःचे शरीर पणाला लावलेले असते. शेवटच्या प्रहारानंतर त्याला हलवतही नाही आणि सावकाश सरकत आलेली वाळू त्याचा डावा हात व पाय चिरडते. या प्रकाराचे सर्वांत दुर्लक्षित बळ हेच, दमण्याची पाळी समोरच्यावर आणणे.

धिप्पाड देह म्हणजे संथ, असे मात्र समजू नये. त्याच मालिकेतला चौथा राइकागे (एका निन्जा गावाचा प्रमुख) अंगाने पैलवान असूनही विजेच्या कवचामुळे अतिवेगवान आहे, त्यामुळे तो या प्रकारात मोडत नाही.