वाटणीच्या चित्रपटातली बहीण : पार्श्वभूमी

घराच्या वाटणीवर बेतलेल्या कौटुंबिक चित्रपटात एक प्रसंग हमखास असतो. सासरी गेलेली बहीण येते, भाऊ तिच्यासमोर स्टॅम्प पेपर सरकवतात, वहिनी चहा आणते आणि बहीण न वाचताच सही करते. ती त्यागी ठरते. तीच जर ‘माझा वाटा किती?’ असे विचारून बसली, तर उरलेल्या चित्रपटभर ती घर फोडणारी लोभी बाई असते. इंदुरात राजवाड्याच्या आसपास वाड्यांमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला हे सगळे ओळखीचे आहे. मात्र त्या कागदामागे काय घडत गेले हे पाहिल्याशिवाय लोभ कोणाचा ते ठरवता येत नाही, आणि पटकथा नेमकी तेवढीच गोष्ट गाळतात.

पैशापायी मुलीचा बळी देणारा बाप आपल्या रंगभूमीने फार आधी दाखवला. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकाचा पहिला प्रयोग 1899 साली इंदुरातच झाला. पोटची पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या कांचनभटाबद्दल प्रेक्षकाच्या मनात शंका राहत नाही. 1925 च्या ‘सावकारी पाश’ चित्रपटात लोभी माणूस घराबाहेरचा होता. वाड्यांच्या गोष्टीत तो घरातच, एकाच ताटात जेवलेल्या भावंडांत असतो. इंदूर ज्यात होते त्या तेव्हाच्या मध्य भारत राज्यात 1951 च्या कायद्याने जहागिरी गेल्या. वतनावर चालणाऱ्या घरांचे उत्पन्न आटले आणि हाताशी उरला तो वाडा. भांडायचे तर त्याच्यावरूनच.

1956 चा हिंदू वारसा कायदा मुलींना समान हक्क देणारा म्हणून सांगितला जातो. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेपुरते ते खरे होते. वडिलोपार्जित वाड्याचे गणित मात्र वेगळे होते. समजा आई आधीच गेली आहे. मागे वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी. वाड्यात मुलग्यांचा हक्क जन्मापासूनचा, म्हणून वडील आणि दोघे मुलगे यांचा प्रत्येकी एक तृतीयांश. वडील वारले की त्यांचा तेवढाच तुकडा तिघा भावंडांत वाटायचा. मुलीच्या हाती येतो वाड्याचा एक नवमांश, भावांच्या हाती प्रत्येकी चार नवमांश. शिवाय राहत्या घराबाबत याच कायद्यात कलम 23 होते : भाऊ आपसात वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला ती मागता येत नसे. भावांनी नुसते स्वस्थ बसायचे. बहीण पंचवीस वर्षे थांबली तरी कायदा भावांच्याच बाजूने. लग्न झालेल्या मुलीला तिथे राहण्याचाही हक्क नव्हता. तो अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून विभक्त झालेल्या मुलीला होता. चित्रपटात दिसणाऱ्या ‘त्यागा’चा बराचसा भाग मला या कलमातून आलेला दिसतो.

महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना जन्मतः वाटेकरी केले, तेही तोवर लग्न न झालेल्यांनाच. मध्य प्रदेशाने असे काही केले नाही. त्यामुळे इंदूरच्या मुली आणखी अकरा वर्षे एक नवमांशावर राहिल्या. पुण्या-मुंबईत लिहिलेल्या पटकथा इंदूरच्या घरावर बेतायच्या तर हा फरक लक्षात घ्यावा लागतो. तो क्वचितच घेतला जातो.

9 सप्टेंबर 2005 ला 1956 च्या कायद्यातील दुरुस्तीने जवळजवळ देशभर मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची जन्मतः वाटेकरी, झाली आणि कलम 23 रद्द झाले. वरच्या उदाहरणात तिचा वाटा आता एक तृतीयांश. मात्र वडील त्या तारखेच्या आधीच वारले असतील तर काय, हे कायद्यात स्पष्ट नव्हते आणि खरा गोंधळ तिथून झाला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की त्या दिवशी बाप आणि लेक दोघेही हयात हवेत. म्हणजे वडील 2005 च्या ऑगस्टमध्ये गेले तर मुलीला एक नवमांश, ऑक्टोबरमध्ये गेले तर एक तृतीयांश. 2018 मध्ये दुसऱ्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने 2001 मध्ये वारलेल्या बापाच्या मुलींनाही समान वाटा दिला. दोन्ही निकाल एकाच न्यायालयाचे, तेव्हा ज्याला जो सोयीचा तो त्याने पुढे करावा. अखेर 11 ऑगस्ट 2020 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाद मिटवला : मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या. ‘तोंडी वाटणी कधीच झाली होती’ हा भावांचा आवडता बचावही सार्वजनिक कागदपत्रांचा पुरावा असल्याशिवाय सहसा मानायचा नाही, असे त्या निकालात आहे. प्रलंबित दावे शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढा, असेही न्यायालयाने सांगितले. पण 2015 च्या निकालाच्या आधारे ज्यांचे दावे तोवर अंतिमतः फेटाळले गेले होते, त्या बहिणींच्या पदरात यातले काही पडले नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हाच, आणि त्यावर एखादा चित्रपट व्हायला हवा.

अलीकडे इंदुरात जमिनीचे भाव चढले, राजवाड्याभोवतीचे रस्ते रुंद करताना जुन्या घरांचे दर्शनी भाग पाडले गेले आणि बिल्डर दारात आला. बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, म्हणून वर्षानुवर्षे चौकशी न झालेल्या बहिणीला अचानक भाऊबीजेचे आग्रहाचे फोन येतात. चहाच्या टेबलावरची, फार तर नोटरीचा शिक्का मारलेली ती सही तिचा हक्क संपवत नाही. घराचा हकत्याग रजिस्ट्रीनेच होतो. त्यासाठी तिला आपली ओळख पटवावी लागते, आणि दस्त आपल्याला मान्य आहे हे कबूल करावे लागते. नकार द्यायचा असेल तर तोही तिला त्याच वेळी देता येतो.