हैती–डॉमिनिकन समेटकार्य

हैती–डॉमिनिकन समेटकार्य : हिस्पानियोला बेटावरील हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताक या शेजारी देशांच्या लोकांमधले वैर आणि परस्परांविषयीची भीती कमी व्हावी म्हणून कॅथलिक व प्रॉटेस्टंट मिशनांनी चालवलेले काम. ही एक संस्था किंवा एक चळवळ नाही. सीमेवरचे जेझुइट (एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू), उसाच्या मळ्यांतल्या बॅप्टिस्ट व रिफॉर्म्ड मंडळ्या, एपिस्कोपल धर्मगुरू, स्थलांतरितांत काम करणाऱ्या स्कालाब्रिनी भगिनी असे अनेक हात त्यात आहेत, आणि त्यांचे आपसात नेहमी पटतेच असे नाही. ‘समेट’ हा शब्द मराठी ख्रिस्ती वाचकाला करिंथकरांस पाठवलेल्या दुसऱ्या पत्रातल्या ‘समेटाची सेवा’ या शब्दप्रयोगातून परिचित आहे, आणि कॅरिबियनमधली मिशनेही त्याच वचनाचा आधार घेतात. मात्र समेट म्हटले की दोन बरोबरीचे पक्ष डोळ्यांसमोर येतात. इथे एकाच्या हातात मळा, पोलीस आणि जन्मनोंदणीचे दप्तर आहे, तर दुसऱ्याच्या हातात कोयता. या कामाच्या बऱ्याचशा अडचणी या विषमतेतून उगवल्या आहेत.

वैराची मुळे : १६९७च्या रिस्विक तहाने बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सकडे गेला. तिथल्या गुलामांनी बंड करून १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र केला. १८२२ ते १८४४ या काळात हैतीची सत्ता पूर्वेकडच्या स्पॅनिश भागावरही होती; १८४३पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते झाँ-पिएर बोयेर. या बावीस वर्षांची आठवण दोन्हीकडे अगदी वेगळी आहे. बोयेर यांनी पूर्वेकडची गुलामगिरी संपवली, हे हैतीकर सांगतात; त्यांनी चर्चच्या जमिनी जप्त केल्या, हे डॉमिनिकन सांगतात. दोन्ही खरे आहे. डॉमिनिकन स्वातंत्र्यदिन, २७ फेब्रुवारी १८४४, हा स्पेनपासून नव्हे तर हैतीपासून सुटल्याचा दिवस आहे. या देशाच्या राष्ट्रध्वजावर मधोमध उघडे बायबल आणि क्रूस आहे. त्यामुळे आपण ख्रिस्ती व स्पॅनिश आणि पलीकडचे आफ्रिकी व वूदूवाले, अशी फोड करणे पुढच्या राष्ट्रवाद्यांना सोपे गेले. चर्च स्वतःच कुंपणाचा एक खांब होऊन बसले होते, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

यात एक गंमतही आहे. आजच्या डॉमिनिकन भूमीवर प्रॉटेस्टंट पंथ रुजला तो हैतीच्याच राष्ट्राध्यक्षांमुळे. १८२४–२५ मध्ये बोयेर यांनी अमेरिकेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना वसाहतीसाठी बोलावले. त्यांतले काही सामाना द्वीपकल्पावर स्थायिक झाले आणि त्यांनी आपल्या मेथडिस्ट मंडळ्या तिथे उभ्या केल्या.

१९३७ : दाहाबोन (डॉमिनिकन) आणि वानामेंत (हैती) ही दोन गावे मासाक्र नदीच्या दोन काठांवर आहेत. ‘कत्तल’ असा अर्थ असलेले हे नाव नदीला अठराव्या शतकातल्या एका जुन्या रक्तपातावरून पडले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये हुकूमशहा राफाएल त्रुहियो यांच्या आदेशाने सैनिकांनी सीमाभागातल्या हैतीवंशीयांना वेचून मारले. गोळ्यांऐवजी मुख्यतः कोयते वापरले गेले. गावकऱ्यांचे भांडण असा देखावा करायचा होता. मृतांचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत जातात. पार्स्लीची जुडी दाखवून ‘पेरेहिल’ म्हणायला लावायचे, ज्याला स्पॅनिश ‘र’ जमला नाही तो मेला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. इतिहासकार ती जपून घेतात, कारण मारले गेलेल्यांपैकी पुष्कळजण तिथेच जन्मलेले, दोन्ही भाषा सफाईने बोलणारे होते. बायबल वाचणाऱ्याला इथे शास्ते या पुस्तकाचा बारावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. तिथेही नदीचा उतारच आहे आणि ‘शिब्बोलेथ’ नीट न म्हणणाऱ्याचा गळा चिरला जातो.

चर्चचे वर्तन संमिश्र होते. आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, जेझुइटांचे सीमावर्ती मिशन दाहाबोनला आले होते. सीमेच्या ‘डॉमिनिकनीकरणा’च्या सरकारी धोरणात या मिशनला जागा होती आणि कत्तलीनंतर त्याने जाहीर निषेध केला नाही. पलीकडे वानामेंतमध्ये एमिल रोबेर या धर्मगुरूंनी पळून आलेल्यांना आसरा दिला. मृतांची नावे टिपून ठेवण्याचे कामही तिथल्या धर्मगुरूंनी केले. डॉमिनिकन राजधानीतल्या एपिस्कोपल चर्चचे रेक्टर चार्ल्स रेमंड बार्न्स यांनी परदेशी पत्रे लिहून बातमी बाहेर पोहोचवली. जुलै १९३८ मध्ये त्यांचा खून झाला. डॉमिनिकन सरकारने साडेसात लाख डॉलर भरपाई कबूल केली, प्रत्यक्षात दिले सव्वापाच लाख. ते मृतांच्या घरच्यांपर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाहीत.

बातेयांतले काम : ऊसतोड मजुरांच्या मळ्यातल्या वस्तीला ‘बातेय’ म्हणतात. ओळीने बांधलेल्या खोल्या, पाण्याची ओरड, आणि तोललेल्या टनावर मजुरी. वजनकाट्यावरची कुरबूर इथल्या रोजच्या आयुष्याचा भाग आहे. १९५२पासून १९८६पर्यंत दोन सरकारांमधल्या करारांनी हैतीतून मजूर आणले जात. शिवाय ‘बुस्कोन’ म्हणजे मुकादम परस्पर माणसे गोळा करून सीमा ओलांडवत. हंगामापुरती आलेली माणसे तिथेच राहिली, त्यांना मुले झाली. त्या मुलांची मुले आज आजी-आजोबा आहेत.

मिशनांनी पहिल्यांदा हात घातला तो इथे, आणि बहुतेकदा समेट हा शब्द न उच्चारता. ला रोमाना येथे हैतीवंशीय बॅप्टिस्ट मंडळीच्या पुढाकाराने, अमेरिकेच्या ईशान्येकडील स्वयंसेवकांच्या हातांनी, ‘एल बुएन सामारितानो’ म्हणजे ‘चांगला शोमरोनी’ हे रुग्णालय उभे राहिले. ते बातेयातल्या मजुरांसाठी असले तरी त्याच रांगेत शहरातले गरीब डॉमिनिकनही बसतात. दाखल्यातला शोमरोनी शत्रूच्या जातीचा होता. इथे मदत करणारा कोण आणि घेणारा कोण याची अदलाबदल झाली आहे, आणि नावाला धार आली आहे ती त्यामुळेच. उत्तर अमेरिकेतल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या मिशनमधून तयार झालेल्या डॉमिनिकन मंडळ्यांतही बहुसंख्य सभासद हैतीवंशीय आहेत. त्यांच्याशी जोडलेल्या शाळांचा उपयोग उपदेशापेक्षा अधिक झाला असे म्हणावे लागेल. सरकारी शाळेत कागदपत्रांवाचून अडणारे मूल इथे बसू शकले, आणि त्याच बाकावर डॉमिनिकन मूलही बसले.

उपासनेच्या भाषेचा प्रश्न वरवर लहान दिसतो, पण मंडळ्या फुटतात त्या याच्यावर. हैतीकरांची क्रेओल व डॉमिनिकनांची स्पॅनिश एकमेकांना कळत नाहीत. संपूर्ण क्रेओल बायबल १९८५ मध्ये आले. तोवर हैतीकर फ्रेंचमधून वाचत आणि क्रेओलमधून समजून घेत. बातेयातल्या जुन्या पिढीला प्रार्थना क्रेओलमध्येच हवी असते. नातवंडांना स्पॅनिश सोपी वाटते, आणि शाळेत ‘आइतियानो’ म्हणून हिणवले जाऊ नये म्हणून ती क्रेओल लपवतातही. एकच उपासना दोन भाषांत केली तर वेळ दुप्पट लागतो आणि दोघेही कंटाळतात. वेगळ्या केल्या तर एका छताखाली दोन मंडळ्या होतात. मिशनरी वर्तुळांत ‘संयुक्त उपासना’ हे यशाचे माप मानले जाते. त्या मापावर फार भिस्त ठेवू नये. गाणी एकत्र म्हणणे सोपे असते. वडीलमंडळात हैतीवंशीय माणसाच्या हातात खजिन्याच्या किल्ल्या देणे ही खरी परीक्षा.

मळेवाल्यांना दुखावणारे काम करणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. बाराओना भागात तीस वर्षे राहिलेले बेल्जियन धर्मगुरू पेद्रो रुकोआ धमक्यांमुळे २००५ मध्ये देश सोडून गेले आणि पुढे झांबियात काम करू लागले. सान होसे दे लोस यानोस येथे १९९७पासून मजुरांच्या हक्कांसाठी झगडणारे क्रिस्टोफर हार्टली यांना २००६ मध्ये जावे लागले. ते इथियोपियाला गेले. निरोप द्यायला बातेयांतले लोक होते, तसे ‘धर्मगुरू देशाची बदनामी करतात’ म्हणणारे निदर्शकही होते.

कागदाचा प्रश्न : २०१०पर्यंतच्या डॉमिनिकन संविधानानुसार देशात जन्मलेला नागरिक ठरे, अपवाद राजदूतांच्या आणि ‘मार्गस्थ’ परकीयांच्या मुलांचा. वर्षानुवर्षे मळ्यावर राबणाऱ्या मजुरालाही अधिकारी मार्गस्थ ठरवू लागले. २३ सप्टेंबर २०१३ रोजी संविधान न्यायालयाने (निकाल १६८-१३) हाच अर्थ १९२९पासून मागे जाऊन लागू केला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने दोन लाखांहून अधिक माणसांचे नागरिकत्व त्यामुळे टांगणीला लागले. ओरड झाल्यावर मे २०१४ मध्ये कायदा १६९-१४ आला. ज्यांची जन्मनोंद होती त्यांना त्याने काहीसा दिलासा दिला. ज्यांची कधीच नव्हती त्यांना आधी परकीय म्हणून नाव नोंदवायचे, मग नागरिकत्वाची वाट पाहायची होती. या दुसऱ्या गटातून मुदतीत ८,७५५ अर्ज आले.

इथे मिशनांचे काम धर्मोपदेशकाचे उरले नाही, अर्जनविसाचे झाले. सांतो दोमिंगोतले जेझुइटांचे बोनो केंद्र, जेझुइट स्थलांतरित सेवा, सान पेद्रो दे माकोरीस भागातील स्कालाब्रिनी भगिनींची ‘आस्काला’ यांनी दाखले शोधणे, साक्षीदार गोळा करणे, नोंदणी कचेरीत रांगेत उभे राहणे हेच प्रेषितकार्य मानले. समेटाच्या बाबतीत आजवर घडलेली सर्वांत भरीव गोष्ट हीच आहे, असे या नोंदीचे मत आहे. ज्याला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नाही त्याला शेजाऱ्याची क्षमा करायला सांगणे हे त्याच्यावरच आणखी एक बोजा टाकण्यासारखे आहे.

चर्चमध्ये यावर एकमत नव्हते. सांतो दोमिंगोचे आर्चबिशप कार्डिनल निकोलास दे हेसूस लोपेस रोद्रिगेस यांनी निकालाची जाहीर पाठराखण केली आणि बोनो केंद्राचे जेझुइट मारिओ सेर्रानो यांच्यावर कडक शब्दांत टीका केली. दुसरीकडे मे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये भेटीला आलेल्या डॉमिनिकन बिशपांना हैतीहून येणाऱ्या स्थलांतरितांकडे पाठ फिरवू नका असे बजावले.

सीमेवर : दाहाबोनचे जेझुइट १९३६च्या भूमिकेपासून फार दूर आले. रेहिनो मार्तिनेस यांच्या पुढाकाराने ‘सोलिदारिदाद फ्रोंतेरिसा’ (सीमावर्ती एकोपा) हे काम उभे राहिले. पलीकडे वानामेंतमध्ये जोडीचे केंद्र आहे, आणि दोन्हीकडच्या संघटनांना बांधणारे ‘हानो सिक्से’ हे हक्करक्षणाचे जाळे आहे. दाहाबोनचा बाजार सोमवारी व शुक्रवारी भरतो. त्या दिवशी पूल उघडतो आणि हैतीकर बाया डोक्यावर गाठोडी घेऊन येतात. बाजारात माल हिसकावणे, लाच, मारझोड यांच्या तक्रारी नोंदवणे हे या जाळ्याचे साधे, रोजचे काम.

२०१२ मध्ये, कत्तलीला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, ‘बॉर्डर ऑफ लाइट्स’ हा स्मरणविधी सुरू झाला. तो चर्चने सुरू केलेला नाही. लेखक, कलावंत व दोन्हीकडचे कार्यकर्ते त्यामागे आहेत. पण दाहाबोनच्या चर्चमध्ये मिस्सा होते आणि लोक मेणबत्त्या घेऊन सीमेच्या फाटकापर्यंत चालत जातात. पलीकडेही मेणबत्त्या असतात. कत्तलीच्या वेळी निषेधाचा शब्द न निघालेल्या गावात मृतांसाठी मिस्सा होते, याचे मोल जाणणारे तिथे आहेत.

भक्तीचा एक धागा कोणत्याही मिशनने आखलेला नाही. इगुए येथील आल्ताग्रासिया माता ही डॉमिनिकनांची संरक्षक. तिचा सण २१ जानेवारीला असतो, आणि ती तारीख १६९१ मध्ये याच दिवशी फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयाशी जोडलेली आहे. तरीही हैतीकर भाविक तिच्या दर्शनाला जातात. पोर्ट-ओ-प्रिन्समध्येही तिच्या नावाचे चर्च आहे.

मर्यादा : उन्हाळ्यात आठवडाभरासाठी येणारे अमेरिकन गट बातेयात भिंती रंगवतात, मुलांचे शिबिर घेतात, परततात. शेजारच्या गावातली डॉमिनिकन मंडळी यात बहुधा प्रेक्षकच असते, आणि ‘परदेशी पैसा सगळा हैतीकरांना’ ही तिची जुनी तक्रार आणखी घट्ट होते. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर चित्र थोडे पालटले होते. मदत घेऊन सर्वांत आधी पोहोचलेल्यांत डॉमिनिकन होते, आणि सीमेवरच्या हिमानी गावात जखमींवर उपचार झाले. त्या दिवसांचा उल्लेख दोन्हीकडचे पाळक आजही प्रवचनांत करतात. तो ओलावा २०१३च्या निकालापर्यंतही धड टिकला नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डॉमिनिकन सरकारने दाहाबोनजवळ सीमाभिंतीचे बांधकाम सुरू केले. (इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातल्या ‘आडभिंती’चा दृष्टान्त देणाऱ्या पाळकाला आता ती खिडकीतून दिसते.) सप्टेंबर २०२३ मध्ये मासाक्र नदीवरच्या हैतीच्या कालव्यावरून सीमा बंद झाली आणि बाजारही काही काळ थांबला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आठवड्याला १० हजार हद्दपाऱ्यांचे लक्ष्य जाहीर झाले. एप्रिल २०२५पासून सरकारी रुग्णालयांत कागद तपासून गरोदर व बाळंत बायांनाही पाठवले जाऊ लागले. पकडले जाण्याच्या भीतीने बातेयातली माणसे रस्त्यावर यायला धजत नाहीत, आणि रविवारची उपासना हा रस्त्यावरूनच गाठायचा प्रकार असतो. वानामेंतच्या बाजूला जेझुइट स्थलांतरित सेवेचे लोक फाटकाशी थांबतात. जाळीच्या ट्रकमधून उतरणाऱ्यांत हैती कधीही न पाहिलेले, फक्त स्पॅनिश बोलणारेही असतात.