पैसे फोमला द्या, चकाकीला नको

१९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजला. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने आली आणि लक्ष्याला टेकल्यापासून १४ मिलिसेकंदांत जोर शिखराला पोचला. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आपला ठोसा ब्रुनोएवढा नसेल, पण नियमित सराव करणारा माणूस पंचिंग बॅगेवर एका दिवसात शेकडो ठोसे मारतो आणि प्रत्येकाची परतफेड बॅग त्याच्याच हाडांना करते. बॉक्सिंगचे ग्लव्ह घेताना हातात पैसे मोजके असतील तर ते ही परतफेड झेलणाऱ्या फोमवर खर्च व्हायला हवेत.

चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो. ग्लव्हमधला फोम तेच करतो, मूठ थांबायला अंतर मिळवून देतो. तीच मूठ १ सेंटिमीटरऐवजी ३ सेंटिमीटरांत थांबली, तर सरासरी जोर एक तृतीयांशावर येतो.

हे अंतर फोम कसं देतो ते पाहण्यासारखं आहे. फोममध्ये बहुतांश हवाच असते, पातळ भिंतींच्या असंख्य कप्प्यांत कोंडलेली. दाब आला की आधी या भिंती नुसत्या वाकतात. मग त्या एकामागून एक कोलमडतात. या टप्प्यात फोम खूप दबतो, पण जोर फारसा वाढत नाही, आणि ठोशाची बरीचशी ऊर्जा इथेच जिरते. शेवटी भिंत भिंतीला टेकते आणि फोम ठोकळ्यासारखा घट्ट होतो. फोम पातळ किंवा भुसभुशीत असला की हा शेवटचा टप्पा फार लवकर येतो. हलक्या प्रतीच्या ग्लव्हचं खरं दुखणं हेच. वापरलेल्या फोमचंही कालांतराने असंच होतं, कारण मोडलेल्या सगळ्याच भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत.

म्हणून घेताना ग्लव्ह घालून मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मुठीच्या उंचवट्यांवर जोरात दाबा. हाड सहज लागलं, तर ग्लव्ह कितीही देखणा असो, ठेवून द्या. दाब काढल्यावर खळगा चटकन भरून यायला हवा.

ग्लव्हवर लिहिलेले औंस म्हणजे वजन. १२ औंस म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम, १६ औंस म्हणजे सुमारे ४५४. पण हे वजन नेमकं कुठे आहे, ते आकडा सांगत नाही. जाड अस्तर आणि मनगटाचा पट्टाही त्यात मोजला जातो. बॅगेसाठी अनेकांना १२ औंस पुरतात, वजनदार माणसाने १४ घ्यावेत. स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला, साधारणपणे १६ वापरतात, कारण तिथे समोरच्याचा चेहरा असतो. एकच जोडी परवडत असेल, तर मी १६ औंसच घ्यायला सांगेन. मात्र जाड ग्लव्हमुळे डोकं सुरक्षित होतं असं समजू नका. डोक्याला बसणारा झटका आणि त्यात हलणारा मेंदू फोमने थांबत नाही.

मनगटाकडे लोक फार कमी लक्ष देतात, याचं मला वाईट वाटतं. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांवर बसला, तर जोर सरळ हाताच्या हाडात उतरतो. तो करंगळीकडे घसरला, तर तळहातातलं करंगळीचं हाड उंचवट्याखालच्या निमुळत्या भागात मोडू शकतं. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. वेल्क्रोचा पट्टा रुंद हवा आणि बांधल्यावर मनगट मागे दुमडता कामा नये. हाताला पट्टी बांधूनच माप बघा. साधारण साडेचार मीटरची ही पट्टी बोटांमागची हाडं एकत्र आवळून धरते. ग्लव्हच्या मानाने ती फारच स्वस्त पडते, तरी काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

वरचं आवरण चामड्याचं असलं तर जास्त टिकतं, पण फोम चांगला असेल तर रेक्झिन चालेल. रेक्झिनवर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर असेल, तर तो ओलाव्याने हळूहळू विघटित होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. घामट ग्लव्ह पिशवीत कोंबून ठेवले की हे लवकर होतं, शिवाय जिवाणूंचंही फावतं. सराव संपला की पट्टा उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि ग्लव्ह वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. फोम दबून बसला की ती जोडी स्पारिंगला बिलकूल वापरू नका. बॅगेवरही उंचवटे दुखू लागले की नवी जोडी घ्या.