टीजीएफ-बीटा-१ जनुकातील विविधता

टीजीएफ-बीटा-१ (ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा-१) हा शरीरातील बहुतेक पेशींत तयार होणारा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींच्या वाढीवर परिणाम करणारे प्रथिन आहे. मानवात त्याचे जनुक १९व्या गुणसूत्रावर असते. नाव वाढीचे असले तरी प्रतिकारसंस्थेत हे प्रथिन मुख्यतः आवर घालण्याचे काम करते. ते नसलेले उंदीर जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत अनेक अवयवांना दाह होऊन दगावतात, हे १९९२ मध्ये दिसून आले. उलट, ते दीर्घकाळ जास्त राहिले की ऊतींत कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन साचून त्या घट्ट होतात. म्हणून पांढऱ्या पेशी ते किती स्रवतात याला महत्त्व आहे. हे प्रमाण माणसागणिक बदलते, आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो.

या जनुकातील तीन जागांचा अभ्यास विशेष झाला आहे. पहिली (−५०९) जनुकाच्या आधीच्या नियामक भागात आहे. तिथे सायटोसिन या डीएनए-अक्षराऐवजी थायमिन असलेल्यांच्या रक्तद्रवात टीजीएफ-बीटा-१ जास्त आढळले. जुळ्या बहिणींवरील १९९९ च्या अभ्यासात त्याच्या पातळीतील सुमारे ५४ टक्के फरक आनुवंशिक ठरला. मात्र त्यातला या एका जागेचा वाटा लहानच निघाला.

उरलेल्या दोन जागा, कोडॉन १० आणि २५ (कोडॉन म्हणजे एक अमिनो आम्ल ठरवणारी तीन डीएनए-अक्षरे), प्रथिनाला स्रावाच्या मार्गावर नेणाऱ्या संकेत-पेप्टाइडात आहेत. हा तुकडा पुढे कापला जातो, त्यामुळे इथल्या बदलाने अंतिम प्रथिन बदलत नाही. बदलू शकते ते बाहेर पडणारे प्रमाण. कोडॉन १० वर ल्यूसीन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलीन असल्यास स्राव २.८ पट होतो, असे २००३ मध्ये दिसले. पण तो प्रयोग हेला या कर्कपेशींवरचा होता, आणि हा आकडा प्रतिकारपेशींना जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. कोडॉन २५ चा पुरावा मात्र थेट पांढऱ्या पेशींतला आहे: १९९८ च्या अभ्यासात, जनुकाच्या दोन्ही प्रतींत तिथे आर्जिनीन हे अमिनो आम्ल असलेल्यांच्या उद्दीपित पेशींनी जास्त टीजीएफ-बीटा-१ स्रवले. फुप्फुस-प्रत्यारोपणाच्या रुग्णांत या जनुकरूपाचा संबंध फुप्फुसातील तंतुमयतेशी दिसला.

नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. −५०९ आणि कोडॉन १० वरची रूपे बहुधा एकत्रच वारशाने येतात, त्यामुळे परिणाम नेमका कोणाचा हे वेगळे काढणे कठीण जाते. मोजणीतही अडचण आहे. प्लेटलेटमध्ये टीजीएफ-बीटा-१ चा मोठा साठा असतो. रक्त गोठू दिले की तो बाहेर पडतो आणि पांढऱ्या पेशींचे उत्पादन त्यात झाकून जाते. शिवाय प्रथिन बाहेर येते ते सुप्त स्वरूपात, आपल्याच पूर्वरूपाच्या एका भागाने वेढलेले. पेशींच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिनसारख्या रेणूंनी ते मोकळे केल्यावरच त्याचा परिणाम होतो. तेव्हा जास्त स्राव म्हणजे जास्त क्रिया असे धरून चालत नाही.

या वेढणाऱ्या भागातील दुर्मीळ उत्परिवर्तनांनी कामुराटी-एंगेलमान रोग होतो, हे २००० मध्ये कळले. त्यात टीजीएफ-बीटा-१ ची सक्रियता वाढते. हातापायांची लांब हाडे जाड होतात आणि दुखतात.