सॅडल आधी अंगावर नीट बसवा, मग झाडावर चढा

सॅडल म्हणजे झाडावर बसून काम करायला अंगात घालायची पट्ट्यांची झोळी. हे पत्रक तिच्या पिशवीतच राहू द्या. सिद्धेश्वरांची यात्रा सरली की थोड्याच दिवसांत चिंचेचा हंगाम लागतो, आणि त्याच सुमाराला आमच्याकडे तक्रारी सुरू होतात. "खुब्यात दाबतंय." "मांडी बधिर होते." "एक नंबर मोठं द्या." सॅडल हातात घेऊन बघावं तर माप बरोबर असतं. चुकलेली असते ती पुढच्या दोराची लांबी, नाहीतर झाडाला दोर बांधायची उंची. सॅडल बदलून या दोन्ही चुका सुटत नाहीत.

ट्री सॅडल ही मूळची आपली वस्तू नाही. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणारे लोक असल्या झोळीत बसून, झाडाच्या आधाराने तासन्‌तास वाट पाहतात. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार गुन्हा आहे, आणि "रानडुकरासाठी पाहिजे" असा फोन आला तर आम्ही सॅडल देत नाही. आमची गिऱ्हाइकं म्हणजे चिंच झोडपणारे, फांद्या छाटणारे आणि थोडे पक्ष्यांचे फोटो काढणारे हौशी लोक. (नान्नजच्या माळढोक अभयारण्यात झाडावर बसायचा बेत असेल तर सोडून द्या. ते गवताळ माळरान आहे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे काहीच करता येत नाही.) पण शिकाऱ्याची जी अडचण, तीच तुमची. बसणं अवघडलं की माणूस चुळबुळ करतो आणि चुळबुळीत एखादं बकल सैल करतो. घात तिथे होतो.

सॅडलला एक कमरपट्टा, दोन मांडीपट्टे आणि बूड टेकायला रुंद झोळी असते. झोळीच्या दोन्ही बाजूंना जोडलेला, पोटापुढून जाणारा आखूड दोर म्हणजे पूल. खोडाला बांधायचा तो झाडदोर. पुलातली कॅरॅबिनर, म्हणजे आपली कडी, झाडदोरावरच्या प्रुसिक गाठीत अडकते. ही गाठ हाताने सरकते, पण वजन आलं की दोर घट्ट धरते. चढताना खोडाभोवती घ्यायचा तो चढदोर. विजेच्या खांबावर वायरमन वापरतात तसलाच.

अंगावर चढवताना

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, किल्ल्या, चुन्याची डबी, काहीही पट्ट्याखाली आलं की अर्ध्या तासात तिथे वळ उठतो. धोतर किंवा लुंगीवर मांडीपट्टे बसत नाहीत, सरकतात. जाड कापडाची पँट घाला. आणि कामाला जे कपडे घालणार त्याच कपड्यांवर पट्टे जुळवा. दुकानात पातळ पायजम्यावर जुळवलेला पट्टा जीन्सवर आवळतो.

कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर आला पाहिजे. हाताने चाचपडलं की दोन्ही बाजूंना हाड लागतं, त्याच्या वर. बऱ्याच जणांना पँटच्या पट्ट्याच्या जागी बांधायची सवय असते. तिथे तो वजन आल्यावर घसरतो. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं कशीबशी जावीत. मांडीपट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. हे पट्टे नुसते शोभेचे नाहीत. पाय सुटून माणूस उलटा झाला तर सॅडल अंगातून निघू नये म्हणून ते आहेत. वर गेल्यावर ते सैल करू नका, काढू तर मुळीच नका.

पूल

खुब्यात दाबतंय ही तक्रार जवळजवळ नेहमी पुलाची असते. पूल आखूड असला की दोन्ही बाजू आतल्या अंगाला ओढल्या जातात आणि झोळी चिमट्यासारखी खुबे आवळते. पूल लांब केला की दोन्ही बाजू मोकळ्या होतात, चिमटा सुटतो. पण फार लांब करूनही चालत नाही, कारण मग कडी हाताच्या टप्प्याबाहेर जाते आणि गाठ सरकवायला उठून बसावं लागतं. मागे टेकून बसल्यावर कोपर जरा वाकवून कडी हाताला लागली, तर लांबी बरोबर. दुरुस्ती चार बोटांनी करा, वीतभर नको. नवीन लांबीवर पाच मिनिटं बसा, मग पुढची दुरुस्ती.

झाडदोराची उंची

उभं राहून दोर डोळे ते कपाळ एवढ्या उंचीवर बांधा आणि तिथून वर-खाली करा. खाली बांधला की अंग झाडापासून लांब जातं आणि जोर तळपायांवर येतो. वर बांधला की वजन झोळीवर येतं, पाय हलके होतात. चिंच झोडपणाऱ्याला पुढे झुकायचं असतं, त्याला खालचा बरा वाटतो. फोटो काढणाऱ्याला नुसतं बसायचं असतं, त्याला वरचा. पाठ भरून आली तर झोळीची वरची कड माकडहाडापासून चार बोटं वर ओढून बघा. बूड घसरतंय असं वाटलं तर खालची कड मांड्यांखाली आणा.

दोर कुठे बांधताय तेही पाहा. चिंच आणि कडुनिंब भरवशाचे. जांभूळ आणि शेवगा दगा देतात, हे सांगायला आम्ही नकोत, गावात कुणीही सांगेल. दोर खोडालाच घ्या, किंवा जिवंत, जाडजूड बेचक्याला.

ढील नको

यावर आम्ही दोन वाक्यं जास्त खर्च करतो. हे सॅडल बसून काम करण्यासाठी आहे, पडताना झेलण्यासाठी नाही. त्यासाठी छाती-खांद्यांसकट पूर्ण अंगाचा हार्नेस वेगळा असतो. आपला दोर ताणत नाही. समजा ७० किलोचा माणूस दोराच्या ढिलाईमुळे ६० सेंटिमीटर खाली आला आणि दोराने त्याला ५ सेंटिमीटरांत थांबवलं. हिशोब साधा आहे: ६५ भागिले ५, म्हणजे १३ पट. सरासरी ९१० किलोचा झटका, आणि तोही कमरेला. म्हणून दोर नेहमी ताठ, आणि त्याची गाठ नेहमी कमरेच्या वर. चढताना एक पायरी वर गेलात की चढदोरही सरकवा. कोयता किंवा करवत चालवणाऱ्याने दोन दोर वेगवेगळ्या जागी बांधावेत. एकाला पातं लागलं तर दुसरा असतो.

कडीचा स्क्रू पूर्ण फिरवा. भार कडीच्या लांबीत यावा, तोंडावर आडवा येऊ नये.

वर जायच्या आधी

आमच्या कारखान्याच्या अंगणात कडुनिंबाचं झाड आहे. माप घ्यायला येणाऱ्याला आम्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर वीस मिनिटं बसवतो आणि चहा देतो. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच "मस्त आहे" म्हणतात. पंधराव्या मिनिटाला खरं कळतं. घरी नेल्यावर तुम्हीही हेच करा, शेजारी कुणीतरी उभं असताना. पाय बधिर होऊ लागले तर मांडीपट्टे तपासा, पूल लांब करा.

पाय न हलवता लटकून राहिलं की रक्त पायांत साठतं, चक्कर येते आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. पायाखाली दोराचा एक फास ठेवा, मधूनमधून त्यावर उभं राहा. एकट्याने कधीच चढू नका. खाली जो आहे त्याला तुम्हाला उतरवता आलं पाहिजे, नुसता फोन करता येऊन भागत नाही. आणि पहिली फांदी धरण्याआधी वर बघा: आग्या मोहोळ नाही ना, महावितरणच्या तारा लांब आहेत ना.

सांभाळ

आमची नवार पॉलिएस्टरची आहे. नायलॉन ओलं झालं की जास्त ताणतं आणि ताकदही थोडी गमावतं, म्हणून ते टाळलं. पण ऊन कुणालाच सोडत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असतो; सॅडल पत्र्यावर वाळत टाकू नका. साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ ठेवू नका. दर वेळी पुलाचा दोर कडीखाली घासला आहे का ते बोट फिरवून बघा. सगळ्यात आधी तोच झिजतो.

शिवण उसवली तर गावातल्या टेलरकडे देऊ नका. तो छान शिवेल, पण त्याच्या सुताला हे वजन पेलत नाही. ज्या सॅडलने एकदा झटका खाल्ला ते वरवर धडधाकट दिसलं तरी पुन्हा वापरू नका, आमच्याकडे घेऊन या. आम्ही ते कापून टाकतो, आणि नवं घेताना जुन्याची बकलं चांगली असली तरी ती त्याला लावत नाही.